गंधकाचा अठरावा उपयोग

…अन् वर मला म्हणतात काय, गंधक लावा! मला! ह्या महिपतीला! अहो तीस वर्षं, तुम्हाला सांगतो, तीस वर्षं रोह्याच्या एमआयडीसीत ॲसिडच्या प्लँटवर काढली मी, पिवळ्याधमक गंधकाचे ढीगच्या ढीग माझ्या डोळ्यांदेखत वितळले, जळले, ॲसिड होऊन टँकरमधून निघून गेले, नाकात गंधक, कानात गंधक, डब्यातल्या भाकरीला गंधकाचा वास, एसटीत बसलो की शेजारचा माणूस रिकामी सीट सोडून उभा राहायचा, अन् रिटायर झालो त्या दिवशी घरी आल्या आल्या बॉयलर सूट चुलीत घातला तर तो जळतानासुद्धा गंधकाचाच वास! विमलने माझ्यावरून नारळ ओवाळून टाकला. मी म्हटलं, सुटलो, आता ह्या जन्मात गंधकाचं तोंड बघायचं नाय. अन् सव्वा वर्ष होतंय न होतंय तोवर… गंधक लावा!

बसा हो, बसा, प्रसाद कुठे पळत नाय, पुरेसा आहे, मी आत बघून आलोय. तुमच्याकडची पूजा, तुमचा मांडव, अन् हा माणूस मध्येच उभा राहून काय बडबडतोय, असं वाटत असेल. मला काय हौस आहे का? मला बोलावं लागतं! का, ते शेवटी सांगतो. ती बघा, तिसऱ्या रांगेत, मोरपिशी साडी, हाताची घडी… ती आमची विमल. ती बसली म्हणजे मला उभं राहणं आलं.

तर गंधक. माझ्याएवढं गंधक ह्या तालुक्यात कुणाला ठाऊक नाय, हे मी फुशारकीने सांगत नाय, कंपनीने बक्षीस दिलंय! सुरक्षा सप्ताहात भाषणाची स्पर्धा, विषय 'गंधकाचे उपयोग', अन् मी एका दमात सतरा सांगितले. सतरा! काडेपेटीत गंधक, फटाक्यात गंधक, साखर पांढरी कशाने होते? गंधकाच्या धुराने! टायरचं रबर टणक कशाने होतं? बॅटरीत पाणी म्हणून जे असतं ते काय विहिरीचं असतं का? शेतात टाकता ते खत, कपडे धुता तो चुरा, शर्टाचा रंग, वैद्याच्या पुड्या… तुम्ही सकाळी उठल्यापासून जे जे हातात घेता त्यात कुठे ना कुठे हा महिपती उभा आहे! मॅनेजरसाहेब चष्मा काढून म्हणाले, 'वा महिपती, तुम्ही तर चालतंबोलतं पुस्तक आहात!' पहिलं बक्षीस, झाकणाचा स्टीलचा डबा. त्यात आमच्याकडे अजून वाल भरलेले असतात. पण पुस्तकाचं एक पान फाटलेलं होतं, ते कुणाला कळलं नाय. मला तर नायच नाय.

झालं काय, आमच्या नूतनचं जमलं. मुलगा सुजय, राहणार गागोदे बुद्रुक, पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांच्या आखणीला असतो. हात असा स्थिर की चहाचा कप भरून दिला तरी थेंब सांडायचा नाय. म्हटलं, पोरीचं नशीब. पौषात त्यांच्याकडून बोलावणं आलं, या सगळे, शेतावर पोपटी लावतोय. आता पोपटी म्हटल्यावर रायगडातला माणूस नाय म्हणतो का? मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर भांबुर्डीचा पाला, खालीवर जाळ… आम्ही तिघं गेलो, ते पंधरा-वीस जण. संध्याकाळची थंडी काय पडली होती! व्याही कमळाकर, माणूस मोठा अगत्याचा, आतून एक भलीमोठी गोधडी घेऊन आला अन् म्हणाला, 'घ्या हो व्याही, एकाच गोधडीत बसू, आता घर एकच हाय!' झालं, सगळे गुडघे एका गोधडीखाली. ही गोधडी लक्षात ठेवा.

अन् तिथेच, शेंगा सोलता सोलता, विहीणबाईंनी कनवटीची पुरचुंडी सोडली, चांदीचे पैंजण काढले, नूतनच्या पायात घातले. म्हणाल्या, 'आता साखरपुड्यापर्यंत काढू नको हां गो, आमच्याकडे तशी रीत हाय.' आमच्या विमलच्या डोळ्यांत पाणी. माझ्या तोंडात अंडं.

तीन आठवडे गेले, अन् एक दिवस मनगट खाजलं. साधं मनगट. डास असेल. मग बोटांच्या बेचक्या. मग कोपर, मग कंबर, मग… जाऊ द्या, बायका बसल्यात. अहो, बसवत नाय, उभं राहवत नाय, झोपलं तर नायच नाय! भजनात टाळ धरले तर टाळ वाजवता वाजवता कोपराने कंबर घासतोय, बुवा म्हणतात, 'महिपती, आज चाल फार जलद धरलीत!' बँकेत सही करायला गेलो, पेन एका हातात, दुसरा हात पाठीत, सही जुळेना. आमच्या घरातल्या दारांच्या चौकटी, तुम्हाला सांगतो, गुळगुळीत झाल्या! मी ह्या चौकटीला, विमल त्या चौकटीला, नूतन पडवीच्या खांबाला, अन् तिघांपैकी कुणीच काही बोलत नाय. का? अहो, पोरीचा साखरपुडा तोंडावर आलेला! खाज म्हटलं तर चालतं. खरूज म्हटलं की सोयरीक मोडते.

मी आपला ज्याला त्याला सांगतोय, नवीन साबण सोसला नाय. पण लोक! खाजवणारा माणूस दिसला की आपल्याकडे प्रत्येकजण डॉक्टर. शेजारचा कान्हू कुंपणावरून, 'अरे गंधक लाव की! मी आंब्याच्या मोहरावर मारतो, भुरी कशी साफ जाते! पंप भरलेला हाय, तू नुसता उघडा उभा राहा!' अब्दुलभाई वीस वर्षं कुवेतला राहून आलेले, ते ओट्यावरून, 'महिपती, गंधकच लाव रे. तिथं तेल साफ केल्यावर गंधकाचे डोंगर उरतात, डोंगर, कोणी विचारत नाय! आधी बोलला असतास तर मी येताना बॅग भरून आणलं असतं.' एक बाई म्हणाल्या, घराभोवती गंधक टाका, साप येत नाय. अहो, मला साप चावलाय का? कुणी म्हणालं उन्हेऱ्याच्या कुंडात डुंबून या, गंधकाचंच पाणी ते. गेलो! गरम पाण्यात खाज अशी खुलली, अशी खुलली की कुंडातली बाकीची माणसं बाहेर निघाली. ज्या वस्तूपासून तीस वर्षांनी सुटलो, तीच हे सगळे मला पुन्हा अंगाला लावायला सांगतायत! मी म्हटलं, मरेन पण लावणार नाय.

शेवटी रोह्याच्या डॉक्टरीणबाई, दुसऱ्या खेपेला. पोरगेलीशी आहे, पण हुशार. माझी बोटं फाकवून बघितली अन् खणखणीत आवाजात म्हणाली, 'खरूज तशीच आहे.' मी म्हटलं, 'बाई, हळू, बाहेर शेजारच्या खांब गावचा माणूस बसलाय!' तर तिने आवाज खाली आणला, पण काय म्हणावं? 'गंधकाचं मलम देते.' मी उठलोच. म्हटलं, 'दुसरं काही नाय का? महाग असलं तरी चालेल.' ती म्हणाली, 'दुसरं मागच्या आठवड्यात दिलं होतं ना? कसं लावलंत?' आता काय सांगू, विमलने ती ट्यूब पुरवून पुरवून तिघांच्या मनगटांना हळदीकुंकवासारखी बोटभर लावली होती! बाई म्हणाली, 'आता नीट ऐका. मानेपासून तळव्यापर्यंत, ओळीने तीन दिवस, घरातल्या सगळ्यांनी एकदम. एक माणूस जरी राहिला तरी सगळं परत येणार. अन् अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यातून काढायचं.' मग सहज विचारलं, 'तुम्ही काय करत होतात?' मी सांगितलं. ती खुर्चीतून पडायची बाकी होती.

साखरपुडा रविवारी. गुरुवारी लावायला घेतलं. दारं-खिडक्या बंद, घरात तिघं पिवळेधमक, हळद लागलेल्या नवऱ्यासारखे, एकमेकांकडे बघायचं नाय, कुणी हाक मारली तर विमल आतून ओरडणार, 'घरात कोणी नाय!' विमल शुक्रवारभर एकच बोलत होती, 'तीस वर्षं कपडे धुतले, नाक दाबून धुतले, आता हे अंगाला!' अन् शनिवारी सकाळी नूतनची किंकाळी.

पैंजण. काळे! नुसते मळलेले नाय हो, तव्याच्या बुडासारखे काळे! विमलने खाली बसून पोरीचा पाय मांडीवर घेतला, पदराने घासलं, थुंकी लावून घासलं, अन् कपाळाला हात लावला. 'खोटे! खोटी चांदी घातली पोरीच्या पायात!'

आता तिला हे कुणी शिकवलं, काळी पडली ती चांदी खोटी? मी! ह्या शहाण्याने! त्याचं असं आहे, आमच्या लग्नात सासऱ्यांनी विमलला चांदीचे पैंजण घातले होते. गरीब माणूस, वालाचं एक शेत अन् भाताची चार खाचरं, त्यात पोटाला चिमटा घेऊन केलेले. लग्नानंतर मी कंपनीत लागलो, अन् दोन महिन्यांत पैंजण काळे. मी पंगतीत म्हटलं, 'आमच्या सासऱ्यांनी चांदी कल्हईवाल्याकडून घेतली वाटतं!' हशा! पंगत म्हटली की हशा लागतोच, मग काय, प्रत्येक बारशाला, प्रत्येक साखरपुड्याला, माझं ठरलेलं, कल्हईवाला! एकदा तर म्हातारा समोर बसलेला असताना म्हटलं. त्याने हातातला घास तेवढा खाली ठेवला. पुढच्या दिवाळीला नवीन जोड घेऊन आला, कोपऱ्यात विमलच्या हातात दिला. तोही काळा पडला! मला तर रानच मोकळं मिळालं. विमल हसायची नाय. पण तो पहिला जोड तिने पायातून कधी काढलाही नाय.

तर विमलने पेणला बहिणीला फोन लावला. हळू आवाजात. 'कुणाला सांगू नको गो, पण चांदी काळी पडली…' पेणहून गागोद्याला गाडीने जायला वेळ लागतो, बातमीला लागत नाय. दुपारी कमळाकर व्याह्यांचा फोन. एरवी 'रामराम व्याही' म्हणून पाच मिनिटं बोलणारा माणूस, एवढंच म्हणाला, 'उद्या येतो. सोनाराला घेऊन येतो.' अन् ठेवला. त्या दिवशी मला, तुम्हाला सांगतो, खाज सुटायची थांबली. इतका घाबरलो.

रविवार. आम्ही पहाटे तीन तीन वेळा अंघोळ केली, शिकेकाई, चंदन, उदबत्त्यांचा धूर असा की शेजारी विचारायला आले काही पेटलंय का. त्यांची गाडी आली, चाळीस माणसं उतरली, कुणी हसेना. नूतन पाटावर, नऊवारी, मान खाली, पाय साडीत लपवलेले. सुजय समोर, त्या बिचाऱ्याला कुठे बघावं कळेना. अन् त्यांच्यातून पुढे आला पेणचा सोनार, एवढासा म्हातारा, बगलेत पिशवी. म्हणाला, 'पोरी, पाय पुढे कर.' भर मांडवात! दगड काढला, घासला, बाटलीतला थेंब टाकला, भिंग लावलं. मांडवात एवढी शांतता की मागे कोणीतरी खाजवल्याचा आवाज आला. मी दचकून स्वतःचे हात बघितले, तर ते जागेवर!

सोनार उठला. 'चांदी अस्सल. अस्सल हाय म्हणून काळी पडली. खोटी असती तर तिने गंधकाला भीक घातली नसती. पोरीने पायाला काय लावलंय? गंधकाशी चांदीचं हाडवैर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं!'

शेंबड्या पोराला. अन् पहिलं बक्षीस मिळवणाऱ्याला… सतरा उपयोग तोंडपाठ अन् हे एक ठाऊक नाय! कसं असणार? प्लँटवर अंगावर अंगठी घालून जायची सोय नव्हती, मग चांदी बघणार कुठे?

सगळे आमच्याकडे बघायला लागले. विमलने माझ्या दंडाला चिमटा काढला, 'बोलू नका.' कान्हू, देवमाणूस, लगेच उभा राहिला, 'व्हय व्हय, मोहरावर मारला ना गंधक परवा, पोर झाडाखालून गेली असेल!' झालं! सुटलो होतो मी! नुसती मान हलवायची बाकी होती. पण कमळाकर व्याही मध्येच बोलला. ओरडला नाय हो, ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, 'व्याही, पेणच्या पेढीवरून घेतलेले ते. हिने तीन वर्षं कोंबड्या विकून केलेले. काल आमच्या घरात चूल पेटली नाय.' अन् त्याने हातातली सुपारी खाली ठेवली.

तो चेहरा मी आधी बघितला होता. हातातला घास खाली ठेवताना. मी उभा राहिलो, अन् तोंडातून काय बाहेर पडलं ते माझं मलाच कळलं नाय… 'चांदी खरी आहे हो व्याही, खोट आमच्या अंगात आहे! खरूज झालीय! घरातल्या तिघांना! तीन दिवस गंधक लावून बसलोय! पोरीचा दोष नाय, तुमचा दोष नाय, ह्या थेरड्याचा आहे, काय करायचं ते करा!'

संपलं. विमलने पदर तोंडाला लावला. नूतनने पहिल्यांदा मान वर केली, अन् बघितलं ते सुजयकडे. मी आपला वाट बघतोय, आता उठतील, आता चपला घालतील. कमळाकर व्याही माझ्याकडे बघतोय… बघतोय… अन् त्याचा उजवा हात हळूच डाव्या हाताच्या बेचकीत गेला. खर्र, खर्र. खालच्या आवाजात म्हणाला, 'डॉक्टर कुठला?'

मागून विहीणबाई, 'मी म्हणत होते ना, डास नायत!' अन् मग, तुम्हाला सांगतो, धरण फुटलं! पोपटीला गोधडीत बसलेला एकूण एक माणूस खाजवायला लागला, तीन आठवडे दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं, कोणी मनगट, कोणी पाठ, आत्याबाई मांडवाच्या खांबाला जाऊन लागल्या, सुजय, ज्याचा हात थरथरत नाय तो सुजय, दोन्ही हातांनी, अन् आमची नूतन खदखदून हसली. अंगठी घालायला सुजयने हात धरला, तोही गंधकाचा. गोधडीत कुणी कुणाला दिली, हा विषय दोन्ही घरांनी काढायचा नाय असं तिथेच ठरलं. अन् डॉक्टरीणबाईचं बोलणं काय होतं? घरातल्या सगळ्यांनी एकदम. सोमवार, मंगळवार, बुधवार, आम्ही रोह्याकडे, ते पेणकडे, वीस-बावीस माणसं एकाच वेळी पिवळी. लग्न वैशाखात लागेल तेव्हा लागेल, घर एक झालं ते त्या सोमवारी.

पण मी सुटलो असं समजू नका. त्याच रविवारी, सोनार पिशवी आवरत होता. जाता जाता विमलच्या पायांकडे त्याची नजर गेली. म्हणाला, 'बाई, तुमचेही अस्सलच हायत की. जुन्या घडणीचे. एवढे काळे? घरात गंधक येत असेल रोज कुणाच्या कपड्यांतून.'

विमल संध्याकाळी रांगोळी घेऊन बसली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा पैंजण पायातून काढले अन् घासले. पांढरेशुभ्र, हो! चुलीच्या उजेडात नुसते चमकत होते. बराच वेळ हातात घेऊन बसली. म्हातारा जाऊन नऊ वर्षं झाली. मी म्हटलं, 'विमल, चुकलं माझं.' ती म्हणाली, 'मला नका सांगू. ज्या ज्या मांडवात माझ्या बापावर माणसं हसवलीत, त्या त्या मांडवात उभं राहून सांगायचं. मी मोजायला येईन.'

आता कळलं मी का बोलतोय? तुमच्या थोरल्याच्या बारशाला ह्याच अंगणात मी कल्हईवाल्याची गोष्ट सांगितली होती. तुम्हीच सगळ्यांत मोठ्याने हसला होतात, आठवतंय? हे सातवं ठिकाण. अजून किती, ते तिलाच ठाऊक. काय गो, झालं ना?… अजून नाय? बरं, बरं. मंडळी, माझ्या सासऱ्यांची चांदी खरी होती. दोन्ही जोड. मीच खोटा होतो.

झालं. घ्या आता प्रसाद. अन् दादा, तुम्ही… हो, तुम्हीच, निळा शर्ट… मघापासून बोटांच्या बेचकीत काय चाललंय? शेजारच्या वहिनीही? अहो, लाजायचं काय त्यात, माझ्या खिशात डबी असतेच हल्ली, ही घ्या. गंधक लावा! मानेपासून तळव्यापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी, एकदम… फक्त बायकोचे पैंजण तेवढे आधी काढून ठेवा.